न गेलेल्यांचा आंकडा

वाचकांस ठाऊकच आहे कीं, या सदरांत आम्ही दर महिन्यास कांहींना कांहीं मोजीत बसतों. कधीं इरईच्या पुराची पातळी, कधीं ताडोब्यांतले वाघ, कधीं लग्नसराईंत फुटलेले नारळ. या खेपेस फुटबॉल मोजावयाचा आहे. ज्या घरांत क्रिकेटवांचून दुसऱ्या खेळाचें नांव निघत नाहीं, त्यांनींहि पान उलटूं नये. हा हिशेब घरांतूनच निघाला आहे.

आमचें चंद्रपूरचें घर म्हणजे तीन भावांचा एकत्र संसार. मधल्या बंधूंची कन्या नववींत शिकते व शाळेच्या मुलींच्या संघांत डाव्या बाजूनें खेळते. मागील महिन्यांत नागपूरच्या दहा दिवसांच्या शिबिरासाठीं तिची निवड झाल्याची चिठ्ठी आली आणि घरांत दोन तट पडले. थोरल्या बंधूंस मुलें आबा म्हणतात, व मुलांमागून आम्हीहि तसेंच म्हणूं लागलों आहों. आबांनीं चष्मा कपाळावर चढवून तो कागद दोनदां वाचला व पानदानाखालीं ठेवून दिला. आमच्या घरीं पानदानाखालीं गेलेला कागद सहसा परत निघत नाहीं.

रात्रीं जेवणें आटोपल्यावर त्यांनीं आपलें म्हणणें मांडलें. "या खेळांत आपल्या देशाचें आहे काय? १९५० सालीं विश्वचषकाला निघाले होते. अनवाणी खेळतात म्हणून दारांतून परत पाठविले. बरें, देशाचें राहूं द्या. आपला मुलुख जंगलाचा. माणसें विरळ. यांतून खेळाडू निघायचे कोठून? आणि दहा दिवस जाऊन हरूनच यावयाचें असेल, तर जावें कशाला?" मग आमच्याकडे वळून म्हणाले, "तूं आंकडेवाला ना? सांग, यांत खोटें काय आहे?"

त्या रात्रीं आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. आंकडेवाल्याची फजिती अशीच होते. बोलणाऱ्याजवळ वाक्य तयार असतें, मोजणाऱ्यास वही शोधावी लागते. दुसऱ्या दिवशीं वही शोधली.

पहिल्यानें विरळ माणसांचा मुद्दा घेतला, कारण तो सरळ मोजतां येतो. २०११ च्या खानेसुमारींत चंद्रपूर जिल्ह्यांत २२,०४,३०७ आणि गडचिरोली जिल्ह्यांत १०,७२,९४२ माणसें मोजलीं गेलीं. १९८२ च्या ऑगस्टपर्यंत हे दोन्ही मिळून एकच जिल्हा होता, तेव्हां दोहोंची बेरीज करण्यांत आम्हीं कांहीं अधर्म केला असें नाहीं. बेरीज ३२,७७,२४९. आतां दक्षिण अमेरिकेंतील उरुग्वे या देशाची त्याच सालची खानेसुमारी पाहावी : सुमारें ३२ लाख ८६ हजार. फरक अवघा नऊ हजारांच्या आसपास. तेवढे यात्रेकरू महाशिवरात्रीस मार्कंड्याला वैनगंगेंत स्नान करून जातात, आणि घाटावर कोणास त्याचें नवलहि वाटत नाहीं.

हा उरुग्वे म्हणजे कोण? १९२४ च्या पॅरिस व १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकांत फुटबॉलचें सुवर्णपदक यानें घेतलें. १९३० सालीं पहिला विश्वचषक भरला तो याच्याच राजधानींत, माँटेव्हिडिओस, आणि जिंकला तोहि यानेंच. पुन्हां १९५० सालीं ब्राझीलच्या घरांत शिरून दुसरा जिंकला. १९५० मध्यें तर त्याची वस्ती सुमारें २२ लाखांचीच होती. म्हणजे २०११ सालचा एकटा चंद्रपूर जिल्हा. गडचिरोलीची मदत घेण्याचेंहि कारण नाहीं.

"पण त्यांचा देश लहान, माणसें जवळजवळ राहात असतील," असें आबा म्हणणार हें ओळखून आम्हीं क्षेत्रफळहि काढून ठेवलें होतें. उरुग्वे सुमारें १ लाख ७६ हजार चौरस किलोमीटर. आपले दोन्ही जिल्हे मिळून सुमारें २५,८५५. ते आपल्या जवळजवळ सात पट पसरलेले आहेत. तेव्हां विरळ कोण, हें वाचकांनींच ठरवावें. आमच्या घरीं हा आंकडा ऐकून वहिनींचा वाती वळणारा हात थांबला. त्या दिवशींची ती आमची पहिली जीत.

१९३० च्या त्या स्पर्धेविषयीं थोडें सांगावयास हवें, कारण तीच्या गोष्टी मोठ्या गमतीच्या आहेत. संघ आले १३, सामने झाले १८, गोल ७०. यूरोपांतून चारच संघ बोटीनें समुद्र ओलांडून गेले : फ्रान्स, बेल्जम, रुमानिया व युगोस्लाव्हिया. बाकीच्यांस प्रवास लांबचा वाटला. जे गेले त्यांत फ्रान्सचा ल्यूसियें लोराँ नांवाचा एक खेळाडू होता. पोटासाठीं तो मोटारींच्या कारखान्यांत काम करी. विश्वचषकाच्या इतिहासांतील पहिला गोल त्याचा, १३ जुलै १९३०, मेक्सिकोविरुद्ध. पुढें हजारों गोल झाले, मोठमोठ्या नांवांचे झाले, पण पहिला म्हणून लोराँचेंच नांव घ्यावें लागतें. तो बोटींत बसला म्हणून.

अंतिम सामना उरुग्वे व अर्जेंटिना यांचा. चेंडू कोणाचा घ्यावा यावर तंटा लागला. तोड अशी निघाली कीं पहिला अर्धा डाव अर्जेंटिनाच्या चेंडूनें, दुसरा उरुग्वेच्या. आपापल्या चेंडूनें जो तो शहाणा ठरला : मध्यंतरास अर्जेंटिना २-१ नें पुढें, अखेरीस उरुग्वे ४-२ नें विजयी. तो चौथा गोल ज्यानें केला त्या एक्तोर कास्त्रोचा एक हात कोपराखालीं नव्हता. तेराव्या वर्षीं विजेच्या करवतीखालीं गेला होता. ही हकीकत आमच्या पुतणीनें आबांस मुद्दाम दोनदां ऐकविली.

मात्र उरुग्वेचा हिशेब सर्वस्वीं निर्मळ आहे असेंहि नाहीं. आपल्या घरीं यूरोपचे संघ आले नाहींत याचा राग धरून १९३४ सालीं इटलींतल्या स्पर्धेस तो गेलाच नाहीं. जगज्जेता असून पुढच्या स्पर्धेस गैरहजर राहिला असा तो एकटाच. रुसवे देशांतहि असतात. केवळ एकत्र कुटुंबांतच असतात असें नव्हे.

उरुग्वेची लोकसंख्या आबांस पुरती पटली नाहीं असें दिसलें, तेव्हां आम्हीं आणखी खालीं उतरलों. २०११ मध्यें चंद्रपूर शहराची वस्ती सुमारें ३ लाख २० हजार होती. उत्तर ध्रुवाजवळच्या आइसलंड या अख्ख्या देशाची त्या सालीं सुमारें ३ लाख १८ हजार. या आइसलंडनें २०१६ च्या यूरोपीय स्पर्धेंत इंग्लंडला २-१ असें हरविलें आणि २०१८ सालीं रशियांत विश्वचषकास हजेरी लावली. तेथें पहिलाच सामना अर्जेंटिनाशीं १-१ असा बरोबरींत सोडविला. त्यांचा गोलरक्षक मूळचा चित्रपट-दिग्दर्शक. त्यानें मेस्सीचा पेनल्टीचा फटका अडविला. संघाचा प्रशिक्षक दातांचा डॉक्टर. आमच्या आळींतहि एक दंतवैद्य आहेत, परंतु त्यांच्याकडून एवढी अपेक्षा अद्याप कोणीं केलेली नाहीं. २०२५ च्या नोव्हेंबरांत क्युरसाव नांवाचें कॅरिबियन समुद्रांतलें बेट २०२६ च्या स्पर्धेस पात्र ठरलें. वस्ती सुमारें दीड लाख. गडचिरोली जिल्ह्याच्या सातव्या हिश्श्याएवढी.

हे असें कशानें होतें? वस्तीनें नाहीं, एवढें तर ठरलेंच. उरुग्वेंत पांचसहा वर्षांच्या मुलांपासून गल्लोगल्लीं संघ आहेत, त्यांचे सामने लागतात, निकाल नोंदले जातात. शनिवार-रविवारीं आईबाप मैदानाच्या कडेला बसून असतात. आइसलंडांत हिवाळ्यांत बाहेर पाऊल टाकण्याची सोय नाहीं, म्हणून या शतकाच्या आरंभापासून त्यांनीं मोठमोठीं छपरें घालून आंत मैदानें केलीं आणि लहान मुलांसाठींसुद्धां रीतसर शिकलेले शिक्षक नेमले. त्यांस थंडीवर छप्पर सांपडलें. आम्हांस उन्हावर सावली सांपडावयाची आहे. चंद्रपुरास मे महिन्यांत पारा ४६-४७ अंशांवर जातो, हें खरें. पण संध्याकाळीं साडेपांचनंतर जी घटका-दोन घटकांची वेळ मिळते ती आपण मुलांस देतों का, हा प्रश्न पाऱ्याचा नाहीं. आमच्या जवळच्या एका मैदानावर दिवाळीपासून जो मांडव पडला तो तुळशीच्या लग्नानंतर दुसऱ्यांच्या लग्नांसाठीं तसाच राहिला. कोणाचें मैदान, कोणाचा मांडव, हें लिहिण्याचें हें स्थळ नव्हे. मुली त्या दिवसांत मांडवाच्या मागच्या बोळांत खेळत, आणि चेंडू आचाऱ्याच्या कढईजवळ गेला म्हणजे बोलणीं खात.

आणि खेळाची हौस आपल्या जंगलांत नाहीं असें जो म्हणेल त्यानें एकदां पावसाळ्यांत मुलचेरा-चामोर्शीकडे जावें. पूर्व बंगालमधून निर्वासित होऊन आलेलीं कुटुंबें त्या भागांत वसविलेलीं आहेत. घरांत बंगाली, बाजारांत मराठी, आणि आंगणांत फुटबॉल. आम्ही कांहीं वर्षांपूर्वीं एका लग्नकार्यास तिकडे गेलों असतां, रोवणी आटोपलेल्या शेतांच्या कडेला, चिखलानें लडबडलेल्या पडीत तुकड्यावर दोन गांवांचा सामना चालला होता. गोलाचे खांब बांबूचे, आडवी दोरी, पंचाच्या हातांत छत्री. पाहणारांत आजोबांपासून तान्ह्यापर्यंत सारें गांव. गोंडांचीं चार पोरें सायकली आडव्या टाकून पाहात उभीं होतीं. मध्यंतरानंतर त्यांतलीं दोन खेळांत दिसलीं. कोणत्या बाजूनें, हें चिखलामुळें ओळखूं आलें नाहीं. त्या सामन्याचा निकाल कोणत्याहि वहींत नाहीं. आम्हीहि लिहून घेतला नाहीं, याची आतां चुटपुट लागते.

महाराष्ट्रांत हें वेड पुरतें मुरलें आहे तें कोल्हापुरांत. तेथें कुस्तीच्या तालमींनींच फुटबॉलचे संघ काढले, आणि पेठापेठांचे सामने पाहावयास शाहू मैदानावर गर्दी लोटते. २०१७ सालीं सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक आपल्या देशांत भरला, तेव्हां भारताच्या संघांत कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. ज्या गांवांत सामने लागतात त्या गांवांतून खेळाडू निघतात. यांत गूढ असें कांहींच नाहीं.

आतां आबांचे अनवाणी पाय. ही गोष्ट आमच्या घरीं तीन पिढ्या सांगितली गेली आहे व बहुधा वाचकांच्याहि घरीं. त्या काळीं आपले बहुतेक खेळाडू बूट न घालतां खेळत, एवढें खरें. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकांत ३१ जुलैस फ्रान्सशीं सामना झाला. आपणांस दोन पेनल्टी मिळाल्या, दोन्ही फुकट गेल्या. सारंगपाणी रामन यानें एक गोल केला, आणि अगदीं अखेरीस फ्रान्सनें दुसरा गोल करून २-१ असा सामना घेतला. अनवाणी पायांनीं केलेली ही झुंज पाहून इंग्रज प्रेक्षकांनीं टाळ्या वाजविल्या.

दोन वर्षांनीं ब्राझीलमध्यें विश्वचषक भरावयाचा होता. ब्रह्मदेश, इंडोनेशिया, फिलिपाइन्स हे मागें सरले, म्हणून एकहि सामना न खेळतां भारतास जागा मिळाली. गटहि ठरला : स्वीडन, इटली, पराग्वे आणि भारत. प्रवासखर्चाचा मोठा भाग ब्राझीलवाले उचलावयास तयार होते. तरी आपला संघ गेला नाहीं. फुटबॉल संघटनेनें कारण दिलें तें निवडीवरील मतभेदांचें व सरावास वेळ अपुरा असल्याचें. त्या वेळचे नामांकित खेळाडू शैलेन मन्ना यांनीं पुढें सांगितलें कीं, विश्वचषकाचें महत्त्व आम्हांस ठाऊकच नव्हतें. आमचें सारें लक्ष ऑलिंपिककडे होतें. बुटांची गोष्ट मागून चिकटली. तिजवर आमचा एक साधा आक्षेप आहे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकांत आपले कित्येक खेळाडू पुन्हां अनवाणीच उतरले, आणि त्यांस कोणीं अडविलें नाहीं. जो नियम १९५० सालीं दारांत आडवा आला म्हणतात तो दोन वर्षांनीं कोठें गेला होता?

हें ऐकून आबा बराच वेळ गप्प होते. लहानपणापासूनची एखादी गोष्ट हातची गेली म्हणजे माणसास वाईट वाटतें, आम्हांसहि वाटलें. दारांतून परत पाठविलें, या गोष्टींत निदान अपमानाचा दिलासा होता. आपण गेलोंच नाहीं, यांत तोहि नाहीं.

१९५० च्या त्या गटाचा तक्ता आम्हीं वहींत उतरून घेतला आहे. स्वीडन ३, इटली २. स्वीडन २, पराग्वे २. इटली २, पराग्वे ०. संपला. चौथ्या ओळींत कांहीं नाहीं, शून्यहि नाहीं. इटलीचा संघ तर शोकांत होता. आदल्या वर्षीं ४ मे १९४९ रोजीं तूरिनजवळ विमान कोसळून त्यांचे उत्तमोत्तम खेळाडू गेले होते. म्हणून बाकीचे विमानांत पाऊल न टाकतां बोटीनें ब्राझीलला गेले, आणि हरून आले. १६ जुलै १९५० रोजीं माराकाना मैदानावर अधिकृत गणनेप्रमाणें १,७३,८५० लोक ब्राझीलचा उत्सव पाहावयास बसले होते. ब्राझीलला नुसती बरोबरी पुरली असती. आमच्या ३२ लाखवाल्या, तेव्हांच्या २२ लाखवाल्या उरुग्वेनें एक गोल खाऊन दोन केले. तेवढ्या भरल्या मैदानांत, म्हणतात, आवाज उरला नाहीं.

राहिला तिसरा मुद्दा, हरण्याचा. १९३८ सालीं डच ईस्ट इंडीज, म्हणजे पुढचा इंडोनेशिया, आशियांतून पहिल्यानें विश्वचषकास गेला. एकच सामना, हंगेरीशीं, ०-६. त्यांचा कप्तान चष्मा लावून खेळे. आज ऐंशी वर्षांवर काळ लोटला, तरी पहिला आशियाई संघ कोणता असें विचारलें कीं त्या ०-६ वाल्यांचेंच नांव सांगावें लागतें. आपलीहि हेलसिंकीची ओळ अशीच आहे : युगोस्लाव्हिया १०, भारत १. तो पाहून संघटनेनें बूट सक्तीचे केले. चार वर्षांनीं, १९५६ मध्यें मेलबर्नला, ऑस्ट्रेलियाला ४-२ असें हरवून भारत उपांत्य फेरींत गेला. चारांतले तीन गोल एकट्या नेव्हिल डिसूझाचे. मुंबईच्या मैदानांवर वाढलेला हा गोमंतकीय. पुढचा सामना पुन्हां युगोस्लाव्हियाशीं. पहिला गोल आपला, तोहि नेव्हिलचाच. अखेर ४-१ अशी हार. भारत चौथा आला. दहा-एकचे चार-एक व्हावयास चार वर्षें लागलीं, पण त्यासाठीं आधीं दहा-एक पत्करावे लागले.

येथें पुतणी मध्येंच बोलली. "काका, आणि तो पुसलेला सामना?" तो आम्ही विसरलों होतों. २०२२ च्या जानेवारींत स्त्रियांची आशियाई स्पर्धा महाराष्ट्रांतच भरली : नवी मुंबई, मुंबई, पुणें. २० जानेवारीस भारतानें इराणशीं ०-० अशी बरोबरी केली. लगेच संघांत कोरोना शिरला. २३ तारखेस चिनी तैपेईविरुद्ध उभें राहावयास नियमापुरत्या तेरा मुलीहि उरल्या नाहींत. भारत स्पर्धेंतून बाद झाला आणि झालेला सामनाहि तक्त्यांतून काढून टाकला गेला. नव्वद मिनिटें खेळून, घाम गाळून, शून्यसुद्धां पदरांत पडलें नाहीं. ती तेव्हां दहा-अकरा वर्षांची असेल. "मीं पाहिला होता तो सामना," ती म्हणाली. "झाला होता." त्याच सालच्या ऑक्टोबरांत सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकांत आपल्या मुली अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३ व ब्राझीलकडून ०-५ अशा हरल्या. सोळा गोल खाल्ले, एक केला नाहीं. तो तक्ता मात्र जागच्या जागीं आहे. तीन ओळी, तीन तारखा.

आबांनीं कांहींच निकाल दिला नाहीं. पानदान ओढलें, सुपारी कातरली, आणि कागद वर काढून पुन्हां वाचला. मग सुनेस विचारलें, "हिचे बूट मापाचे आहेत कां? पाय वाढला असेल." वाढलाच होता. दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं ते स्वतः तिला घेऊन दुकानांत गेले, व दोन बोटें पुढें ठेवून घ्यावे कीं एक, यावर दुकानदाराशीं अर्धा तास घासाघीस करून आले. वहिनींनीं डब्यांत शेंगदाण्याचे लाडू भरले. मुलीची आई इतके दिवस एक शब्द बोलली नव्हती. तिनें पिशवींत गुपचूप तिसरी मोज्यांची जोडी टाकलेली आम्हीं पाहिली.

शिबिराच्या तिसऱ्या दिवशीं रात्रीं तिचा फोन आला. पहिला सरावाचा सामना ०-४ असा हरल्या होत्या. आबांनीं दोन वेळां विचारून खात्री करून घेतली, आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत, जेथें एरवीं दुधाचा व गॅसच्या टाकीचा हिशेब असतो, त्या तारखेच्या चौकटींत पेन्सिलीनें ०-४ असें लिहिलें. पेन्सिल तेथेंच दोरीला बांधून ठेविली आहे. आणखी सात चौकटी मोकळ्या होत्या.